दुसऱ्यांनी टाकलेले शिसे

न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. वरून सोन्याचा मुलामा, आतून शिसे. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यापुढे वाचून झाला आणि त्याच दिवशी जमावाने दोर लावून राजा खाली ओढला. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी पोचले. तिथे ऑलिव्हर वुलकॉट यांच्या घरी बायकामुलांनी राजा वितळवून ४२,०८८ गोळ्या पाडल्या. कुणी किती गोळ्या केल्या याचा हिशेबही वुलकॉटांनी लिहून ठेवला. त्यात धाकट्या फ्रेडरिकच्या नावावर ९३६ आहेत.

घरच्या घरी शिशाच्या गोळ्या ओतण्याचा छंद अमेरिकेत आजही टिकून आहे. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण लिचफिल्डची गोष्ट स्वावलंबनाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. त्या बायकामुलांनी शिसे खाणीतून काढले नव्हते. कुणीतरी भलत्याच कामासाठी आणलेले आणि आता कुणालाच नको असलेले शिसे त्यांनी चुलीवर चढवले. पुढची अडीचशे वर्षे या छंदाने हेच केले आहे. आज तो अडचणीत आहे. शिसे मिळत नाही, मिळाले तर महाग पडते, डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, पक्षिमित्र कायदे करून घेतात. छंदिष्टांना या सगळ्यामागे बंदूकविरोधी राजकारण दिसते. ते थोडेफार आहेही. पण मुळात बाकीच्या जगाने शिसे वापरणे सोडत आणले आहे, आणि दुसऱ्यांच्या टाकाऊ मालावर जगणाऱ्या छंदाची त्यामुळे रसद तुटली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बोलताना आपण गोळी आणि काडतूस यांत फरक करत नाही. आजच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. टोपी आणि दारू कारखान्यातूनच घ्यावी लागते. घरी होते ती फक्त गोळी. २००८ च्या निवडणुकीनंतर, २०१३ मध्ये, आणि पुन्हा महासाथीच्या काळात अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा पडला, तेव्हा गॅरेजमध्ये शिशाच्या लाद्या रचून ठेवलेले लोकही टोप्यांसाठी दुकानादुकानांत फिरत होते. स्वावलंबनाच्या गप्पा इथे जराशा अडखळतात.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात मात्र हे स्वावलंबन बऱ्यापैकी खरे होते. लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी १८०४ साली मिसुरी नदीने पश्चिमेकडे निघाले तेव्हा मेरिवेदर लुईसने दारू ठेवायला शिशाचे ५२ डबे बनवून घेतले होते. एका डब्यात जेवढी दारू मावे, तेवढी उडवायला लागणाऱ्या गोळ्यांपुरते शिसे त्या डब्यातच होते. दारू संपली की डबा वितळवायचा आणि गोळ्या पाडायच्या. डबे नदीत बुडाले तरी आतली दारू कोरडी राहिली. १८०६ च्या फेब्रुवारीत पॅसिफिकच्या किनाऱ्यावर बसून लुईसने उरलेल्या डब्यांची मोजदाद करताना या युक्तीबद्दल डायरीत स्वतःचीच पाठ थोपटली आहे, आणि ती योग्यच आहे. वेष्टनच माल व्हावे असा इतका नेटका विचार मला दुसरीकडे आढळला नाही.

१८७० च्या दशकातले रानगव्यांचे शिकारी शिसे आणि दारू घाऊक विकत घेऊन तळावरच काडतुसे भरत. १८८४ मध्ये न्यू हेवनला जॉन बार्लोने ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिचे चिमट्यासारखे एक हत्यार होते, ज्याच्या एका टोकाला साचाच जोडलेला असे. साचे आणि त्यांचे क्रमांक छापणारी ‘आयडियल’ची हस्तपुस्तिका म्हणजे या छंदाची पहिली पोथी. पुढे ही कंपनी १९२५ साली लायमनकडे गेली आणि लायमनचे साचे अजून विकले जातात. नंतर कॅलिफोर्नियात आरसीबीएस आणि विस्कॉन्सिनमध्ये ली या कंपन्या आल्या. लीने ॲल्युमिनियमचे स्वस्त साचे काढले आणि छंद बेताच्या कमाईच्या घरांत पोचवला. सध्याच्या बाजाराचा सांगाडा एवढाच.

‘आयडियल’ निघाली त्याच सुमारास छंदाचा जीव जायची वेळ आली होती. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबीनने शिशाच्या गोळीला तांब्याचे आवरण घातले. दोन वर्षांनी फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू शोधली. काळ्या दारूने गोळी सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर वेगाने जाई. नवी दारू तिला सहाशे, सातशे मीटरपर्यंत नेऊ लागली. या वेगाला उघडे शिसे नळीच्या आतल्या आट्यांना चिकटते, नेम जातो, आणि नळी घासता घासता माणूस घामाघूम होतो. सैन्यांनी शिशाची उघडी गोळी सोडली ती कायमची. ती उरली ती रिव्हॉल्व्हरमध्ये, जुन्या रायफलींत, आणि हट्टी लोकांच्या गॅरेजमध्ये.

हट्टी लोकांनी पुढची शंभर वर्षे एकाच प्रश्नाशी झुंज घेतली: शिसे नळीला चिकटते ते का? पहिले उत्तर सोपे होते. शिसे मऊ आहे, म्हणून चिकटते. तर कडक करा. निव्वळ शिशाची ब्रिनेल कडकपणाच्या मापावर जेमतेम पाच इतकी पत. त्यात अँटिमनी घातले की कडकपणा चढतो, कथील घातले की रस साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतो. लायमनच्या प्रसिद्ध दोन नंबरी मिश्रणात ९० भाग शिसे, पाच कथील, पाच अँटिमनी. त्याचा कडकपणा पंधराच्या आसपास. मग जो तो आणखी कडक करू लागला. विकतच्या गोळ्यांवरही ‘कडक’ असे अभिमानाने छापले जाऊ लागले आणि चिकटणे काही थांबले नाही.

आता जाणकारांत ज्यावर जवळजवळ एकमत आहे ते उत्तर वेगळे आहे. गोळी नळीत मिलिसेकंदभर असते; एवढ्यात घासून ती वितळत नाही. गोळी नळीच्या खाचांपेक्षा केसभर जरी बारीक असली, तर मागचा तप्त वायू फटीतून पुढे घुसतो, शिशाची कड कापत जातो आणि ते कण नळीवर फासतो. म्हणून गोळी नळीच्या मापापेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश जाड हवी. गोळी प्रमाणाबाहेर कडक केली तर ती दाबाखाली फुगून फट बुजवत नाही, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. बुडाशी तांब्याची छोटी वाटी बसवणे, खाचांत मधमाशांचे मेण आणि ॲलॉक्स नावाच्या वंगणाचे मिश्रण भरणे हे त्यावरचे जुने उपाय. गेल्या दशकभरात लोखंडी फर्निचरला देतात तसा रंगाच्या पुडीचा लेप गोळ्यांना देऊन त्या छोट्या ओव्हनमध्ये भाजायची पद्धत पसरली आहे. जुने लोक तिला नाके मुरडतात. मला ती शंभर वर्षांतली खरी सुधारणा वाटते, कारण तिने वंगणाचा धूर घालवला आणि शिशाला हात लागणेही कमी केले.

या शोधात फ्रँकलिन मान या डॉक्टरचे नाव घ्यायलाच हवे. १९०९ साली त्याने गोळीच्या प्रवासावर जाडजूड पुस्तक छापले, त्यामागे अनेक वर्षांचे प्रयोग होते. दुसरा एल्मर कीथ, आयडाहोचा गुराखी आणि मोठ्या आवाजाचा लेखक. त्याने रिव्हॉल्व्हरसाठी सपाट नाकाच्या, रुंद खांद्याच्या गोळ्या आखल्या, त्या लायमनच्या साच्यांतून घरोघरी गेल्या, आणि त्याच्या आग्रहातून १९५५ मध्ये ०.४४ मॅग्नम हे काडतूस जन्माला आले. उद्योगाने मोडीत काढलेल्या गोळीने उद्योगालाच नवीन माल दिला, असे या छंदात एकदा तरी घडले आहे.

आता रसदीकडे येऊ. गेल्या शतकात ओतणाऱ्यांना दोन वेळा घबाड मिळाले, आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याच धंद्याचे उष्टे होते.

पहिले घबाड छापखान्यांचे. ऑटमार मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये लागले. ते दर ओळीला शिशाची अखंड पट्टी ओते. त्या धातूत साधारण ८४ भाग शिसे, १२ अँटिमनी, चार कथील. हे मिश्रण २४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे निव्वळ शिशाच्या ३२७ पेक्षा कितीतरी आधी, आणि साच्यातला बारीकात बारीक कंगोराही उचलते. अक्षरासाठी जे गुण लागतात तेच गोळीसाठी लागतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १९७८ मध्ये तप्त धातूची शेवटची पाने जुळवली. तोवर गावोगावचे लहान छापखानेही ऑफसेटकडे वळत होते आणि टनावारी छपाईचा धातू भंगारात येत होता. ओतणाऱ्यांनी तो किलोच्या भावाने उचलला. कित्येकांनी आयुष्यभराची बेगमी त्या दहा-पंधरा वर्षांतच करून ठेवली. आपल्याकडेही खिळे याच तीन धातूंचे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी नाव कमावले, त्या खिळ्यांच्या आणि एल्मर कीथच्या गोळ्यांच्या धातूत फरक फक्त प्रमाणाचा. आपल्या छापखान्यांचे खिळेही पुढे भंगारातच गेले, पण ते घरी नेऊन ओतणारे कुणी इथे नव्हते.

दुसरे घबाड मोटारींचे. चाक समतोल करायला रिमवर ठोकतात त्या वजनांत शिसे ९५ टक्क्यांच्या आसपास, तीन-चार टक्के अँटिमनी आणि चिमूटभर आर्सेनिक. ओतायला हे मिश्रण जवळजवळ तयारच. त्यातल्या आर्सेनिकमुळे गरम गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली की ती आणखी कडक होते. टायरच्या दुकानात काढलेल्या वजनांनी भरलेली बादली एके काळी बिअरच्या डब्यावर मिळे. पाच गॅलनची ती बादली साठ-सत्तर किलोंची, उचलताना पाठ दुखावली असे सांगणारे म्हातारे अजून भेटतात. मग युरोपने १ जुलै २००५ पासून नव्या गाड्यांवर शिशाची वजने बंद केली. अमेरिकेत व्हरमाँट, मेन, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया अशा राज्यांनी आपापले कायदे केले आणि मोटार कंपन्यांनी स्वतःहून लोखंड आणि जस्त घेतले. बादल्या येत राहिल्या, पण त्यांत जस्त मिसळले. जस्त ४१९ अंशांना वितळते. भांडे जास्त तापले की ते गुपचूप विरघळते, रसावर दाणेदार लापशीसारखा थर येतो, आणि गोळ्या अर्ध्यामुर्ध्या भरतात. त्यामुळे आताचा ओतणारा एकेक वजन पक्कडीने चावून बघतो. पक्कड रुतली तर शिसे, घसरली तर जस्त. टायरवाला बादलीला पैसे मागतो ते वेगळेच.

या दोन घबाडांच्या मध्ये बारीकसारीक मिळकत चालूच असते: पाडलेल्या घरांचे शिशाचे नळ, छतांचे पत्रे, एक्स-रेच्या खोल्यांचे अस्तर, नेमबाजीच्या मैदानामागच्या मातीतून चाळून काढलेल्या जुन्या गोळ्या. एक वस्तू मात्र जाणकार हात लावू नका म्हणून बजावतात, ती म्हणजे मोटारीची बॅटरी. तिच्या पट्ट्यांत कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असते. त्यांच्या मळीला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन हे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. हा सल्ला मानणारे बहुसंख्य आहेत, न मानणारे थोडे आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मिसुरीतल्या हर्क्युलेनियम गावची डो रन कंपनीची भट्टी २०१३ च्या अखेरीस बंद झाली. खनिजापासून शिसे काढणारी ती अमेरिकेतली शेवटची भट्टी. लगेच बोंब उठली की सरकार मागच्या दाराने गोळ्या बंद करते आहे. खरे तर अमेरिकेत वापरले जाणारे बहुतेक शिसे बॅटऱ्यांत जाते आणि जुन्या बॅटऱ्यांतूनच परत येते. काडतुसांचे कारखानेही हेच पुनर्वापराचे शिसे घेतात. हर्क्युलेनियममुळे गोळ्या थांबल्या नाहीत. ती बंद पडण्यामागे हवेतल्या शिशाची कडक केलेली मर्यादा होती, आणि त्या गावच्या मुलांच्या रक्तात वर्षानुवर्षे सापडत आलेले शिसे होते. छंदिष्टांच्या लेखनात दुसरी गोष्ट क्वचितच येते.

घबाडे संपली की हिशेब बदलतो. ०.३८ बोअरची १५८ ग्रेन वजनाची गोळी सव्वादहा ग्रॅमची, म्हणजे किलोत सुमारे ९७. ०.४५ पिस्तुलाची २३० ग्रेनची गोळी जवळपास पंधरा ग्रॅमची, म्हणजे किलोत ६७. शिसे फुकट असेल तर बचत डोळ्यांत भरणारी. ओतशाळेतून प्रमाणित मिश्रण विकत आणले, त्यावर टपालखर्च भरला, भांडे-साचा-वंगणाची रक्कम मांडली, आणि शनिवारच्या दुपारची किंमत शून्य धरली, तरच अजून काही उरते. आज कुणी फक्त पैसे वाचवायला म्हणून हा छंद सुरू करत असेल तर त्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या बंदुकीसाठी बाजारात न मिळणाऱ्या मापाची गोळी हवी असेल, तर गोष्ट निराळी. १८७० च्या शार्प्स रायफलला आजही घरचीच गोळी मानवते.

आणि ओतकामाचा स्वतःचा असा आनंद आहे, तो नाकारून चालणार नाही. रस ३७० ते ४०० अंशांवर ठेवायचा. लाकडाचा भुसा किंवा मेण टाकून ढवळले की जळून कार्बन होते, कथील-अँटिमनीचा गंज पुन्हा धातूत परततो आणि उरलेली राखाडी मळी वर येते. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती दही विरजल्यासारखी पांढुरकी दिसते. पहिल्या काही गोळ्या घावनाच्या पहिल्या घाण्यासारख्या टाकायच्याच असतात, फक्त इथे त्या पुन्हा भांड्यात जातात. मग हात बसतो. रस ओता, तोंड थिजू द्या, पाते फिरवून शेंडा कापा, साचा उघडा. वजनकाट्यावर शंभर गोळ्या अर्ध्या ग्रेनच्या फरकात उतरल्या की ओतणारा त्या बायकोला दाखवायला नेतो, आणि ती आधी हात धुवायला सांगते.

ती बरोबर सांगते. आरोग्याच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी सर्वाधिक चुकीचे बोलले जाते. बाहेरच्याला भांड्यावरच्या वाफेची भीती वाटते. पण शिशाची वाफ इतक्या सहज होत नाही: शिसे उकळते १७४९ अंशांना, आणि त्याच्या वाफेचा दाब एक पास्कलइतका व्हायलासुद्धा ७०० च्या वर जावे लागते. ओतणाऱ्याच्या भांड्याचे तापमान त्याच्या जवळपासही जात नाही. एवढे समजले की छंदिष्ट निश्चिंत होतो, आणि तिथेच फसतो. धोका वाफेत नसला तरी धुळीत आहे. रसावरून खरवडलेली मळी म्हणजे बरीचशी शिशाची भस्मे. ती पिठासारखी बारीक, टेबलावर, बुटांवर, बाहीवर बसते आणि हातावरून तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या आतड्यात गिळलेल्या शिशाचा लहान हिस्सा शोषला जातो, लहान मुलांत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत गेलेले दशके मुक्काम करते. मुलांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची संदर्भपातळी २०१२ मध्ये डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम होती, २०२१ मध्ये ती साडेतीनवर आणली. सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कामगारासाठी मात्र १९७८ च्या संघराज्य नियमात साठ मायक्रोग्रॅमपर्यंत त्याला कामावरून हटवणे बंधनकारक नव्हते. दोन आकडे शेजारी ठेवले की कायदा विज्ञानाच्या किती मागे रेंगाळू शकतो ते दिसते.

गंमत अशी की ओतणाऱ्याच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले, तर दोषी बहुधा भांडे नसतेच. टोप्यांत लेड स्टिफ्नेट असते; बंद गोळीबारगृहात दर बारागणिक त्याची धूळ आणि गोळीच्या बुडाची वाफ श्वासात जाते. वापरलेल्या पुंगळ्या चकाकवायला कोरड्या भुशात घुसळतात, त्या यंत्राचे झाकण उघडताना उडणारी पुडी ही ओतकामापेक्षा वाईट. उपाय साधे आहेत. मोकळ्या हवेत काम, कामाचे कपडे वेगळे, फरशी झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, मळी झाकणाच्या डब्यात, जवळ खाणे-पिणे-सिगारेट नाही, लहान मूल किंवा गरोदर बाई त्या जागेत नाही, आणि वर्षाला एकदा रक्ताची तपासणी. यात कठीण काही नाही. पण गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार असते, आणि मुलाला वडील काय करतात ते बघायचे असते.

लगेच घडणारा अपघात दुसराच आहे. रसात ओली लादी किंवा पाण्याचा थेंब गेला की पाण्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशे-सतराशे पट पसरते आणि भांड्यातला रस छतापर्यंत उडतो. ओतणारे त्याला चमकीची परी आली असे म्हणतात. एकदा तिची भेट झाली की चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्या आपोआप अंगावर येतात.

पक्ष्यांच्या प्रश्नावर मात्र छंदिष्टांची बाजू लंगडी आहे, पण बाहेरचे समजतात तितकी नाही. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडून पिंजऱ्यात नेला आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा सोडले. सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण शिशाची विषबाधा निघाले: शिकाऱ्याने हरणाची आतडी रानात टाकली की त्यातले शिशाचे कण कॉन्डोरच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने आधी त्याच्या प्रदेशापुरती, मग २०१३ च्या कायद्याने १ जुलै २०१९ पासून सगळ्या राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी बंद केली. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीत ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये दीर्घकालीन शिसेबाधा आढळली. ओतणारे म्हणतात, ही करणी वेगवान, मऊ, आवरणाच्या रायफल गोळीची, जी हाडावर फुटून शेकडो कणांत विखुरते. आमची संथ, कडक गोळी बहुधा अखंड पलीकडे जाते. भौतिकीच्या दृष्टीने यात तथ्य आहे. पण पोटात राहिलेल्या गोळीचे काय, आणि मऊ शिसे वापरणाऱ्यांचे काय, याला उत्तर नाही. लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्यांना हा कायदा लागूच नाही, ही गोष्ट सभांमधून कुणी सांगत नाही. आपल्या गिधाडांचा घात शिशाने नाही, जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने केला. त्यामुळे कॉन्डोरचे उदाहरण देऊन इथे काही सिद्ध करता येत नाही.

कायद्याने अमेरिकेत स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला परवाना लागत नाही. १९६८ च्या कायद्याप्रमाणे तो विक्रीसाठी दारूगोळा बनवणाऱ्याला लागतो. भारतात चित्र उलटे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री येते, म्हणजे छंद म्हणून साचा आणून ठेवणेही साधे राहत नाही. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत, निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. पण त्यांच्याभोवती छंद म्हणावे असे काही उभे राहिले नाही, आणि या कायद्यापुढे उभे राहणारही नाही.

तरी घरी शिसे वितळवणे आपल्याला परके नाही. फेकायच्या जाळ्याला, पागाला, काठाने शिशाचे मणी लागतात, आणि किनाऱ्यावर ते घरीदारी ओतले जातात, भंगारातले शिसे घेऊनच. ब्रिटनने हंस मरतात म्हणून १९८७ मध्येच गळाच्या लहान शिसवजनांवर बंदी घातली. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने रक्तात पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असलेली जगातली मुले ८० कोटींच्या घरात मोजली, आणि त्यातली सर्वाधिक, साडेसत्तावीस कोटी, भारतात. त्यात पागाच्या मण्यांचा वाटा किरकोळ असेल. बॅटऱ्या फोडणाऱ्या वस्त्यांचा आणि भेसळीच्या मसाल्यांचा मोठा. पण अमेरिकी छंदिष्टांनी स्वतःच्या रक्ताच्या चाचण्या करून करून जे शिकून घेतले, ते मणी ओतणाऱ्याच्या अंगणात जसेच्या तसे लागू पडते. मळी उघड्यावर टाकायची नाही, अंगण कोरडे झाडायचे नाही, त्या भांड्यात पुन्हा काही शिजवायचे नाही, आणि ओतून झाल्यावर पोरांना जवळ घेण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे.